पायरीची संख्या : शाळेच्या गणित प्रकल्पाच्या नोंदी

२७ नोव्हेंबर

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी यंदा गणिताचा प्रकल्प म्हणून एकच संख्या घ्यायची ठरली आहे:

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

पंचवीस अंक. नियम एवढाच की डावीकडून पहिले दोन अंक घेतले तर त्यांना २ ने भाग जातो, पहिले तीन घेतले तर ३ ने, चार घेतले तर ४ ने, आणि असं करत करत पूर्ण पंचवीस अंकांना २५ ने. एकाही पायरीवर बाकी उरत नाही. दहाच्या पद्धतीत असं वागणारी एवढी लांब दुसरी संख्या नाही, आणि हिच्या शेवटी आणखी एक अंक जोडून नियम पुढे चालवता येत नाही. अशा संख्यांना पॉलिडिव्हिजिबल म्हणतात. वर्गात आम्ही ‘पायरीची संख्या’ म्हणणार.

मला मुलांकडून दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली, मॅडम म्हणतात म्हणून मान हलवू नये. चोवीसच्या चोवीस भागाकार स्वतः तपासावेत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ही संख्या पंचविसाव्या अंकावर का थांबते, हे त्यांना समजावून सांगता आलं पाहिजे. २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन, रामानुजन यांची जयंती. तोवर तपासणी तरी पुरी व्हावी.

आर्णी–दिग्रस रस्त्यापासून आत असलेलं हे गाव. सध्या कापसाची वेचणी जोरात आहे, त्यामुळे दुपारनंतर पटावरची बरीच नावं शेतात असतात. म्हणून प्रकल्पाचा तास सकाळी परिपाठानंतर लगेच.

२९ नोव्हेंबर

फळ्यावर संख्या लिहिली. पहिला प्रश्न आठवीच्या बाकावरून आला: “मॅडम, हे वाचाची कशी?”

प्रश्न चांगला होता, म्हणून अर्धा तास तिथेच दिला. एकं, दहं, शतं करत मुलं कोटीपर्यंत सहज जातात, अब्जावर अडखळतात. भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ.स. ११५०) अठरा स्थानांची नावं दिली आहेत, शेवटचं परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली संख्या त्याच्याही पुढे सात घरं जाते. उजवीकडून सतरा अंक झाकले की डावीकडे ३६०८५२८८ उरतात. म्हणजे संख्येची सुरुवात ‘तीन कोटी साठ लाख पंच्याऐंशी हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी परार्ध’ अशी. दोन मुलींनी ते पाठच करून टाकलं.

मग मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर. त्यानं संख्या आखडून दशांशचिन्ह टाकून, दहाच्या घातात दाखवली. शाळेच्या लॅपटॉपवर एक्सेल उघडलं. त्यानं पहिले पंधरा अंक ठेवले आणि पुढच्या दहा जागी शून्यं भरली. एक्सेल पंधरा सार्थ अंकांपलीकडे ठेवतच नाही. मुलांना हे खरं वाटेना, एकानं पुन्हा टाइप करून पाहिलं. पुन्हा तेच.

मला ही सुरुवात आवडली. यंत्र जिथे अंक गाळतं तिथे पाटी-पेन्सिलने अचूक उत्तर काढता येतं, हे मुलांना करूनच कळायला हवं.

३ डिसेंबर

बारापर्यंतच्या पायऱ्या आज झाल्या. मुलांना येणाऱ्या कसोट्या पुरल्या.

३६, ३६०, ३६०८, ३६०८५ तोंडीच. ३६०८५२ सम आहे आणि अंकांची बेरीज २४, म्हणून ६ ने जातो. ३६०८५२८ ला ७ ने सरळ भागलं, उत्तर ५१५५०४. आठासाठी शेवटचे तीन अंक २८८. नवासाठी ३६०८५२८८५ ची बेरीज बरोबर ४५. दहाव्या जागी शून्य आहेच.

अकराला थोडं थांबलो. ३६०८५२८८५०३ चे अंक एक सोडून एक मिळवायचे आणि दोन बेरजांतला फरक पाहायचा. एका बाजूला ३, ०, ५, ८, ५, ३ म्हणजे २४; दुसऱ्या बाजूला ६, ८, २, ८, ० म्हणजे २४. फरक शून्य. बेरजा अशा तंतोतंत जुळल्यावर वर्गात जो आवाज झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

बारासाठी शेवटचे दोन अंक ३६, आणि बेरीज ५४. झालं.

याच तासाला सहावीतल्या एका मुलानं न विचारता सांगितलं की सम जागांवर सगळे सम अंकच आहेत. बरोबर आहे, तसं असावंच लागतं. दहाव्या आणि विसाव्या जागी शून्याशिवाय पर्याय नाही. पाचव्या, पंधराव्या, पंचविसाव्या जागी ० किंवा ५. म्हणजे संख्या शोधायच्या आधीच तिचा निम्मा सांगाडा कळतो. आणखी एकीनं शोधलं की पंचवीस अंकांत १ आणि ९ एकदाही नाहीत, तर ० आणि ८ पाच-पाच वेळा आले आहेत. यामागे मात्र कुठला नियम नाही, ते तसं पडलं आहे. नियमानं आलेलं कोणतं आणि आपोआप पडलेलं कोणतं, हा फरक मुलांना या वयात दिसायला लागणं मला फार मोलाचं वाटतं.

५ डिसेंबर

तेरा आणि चौदा. इथे १००१ कामाला येतो, कारण ७ × ११ × १३ = १००१. मोठी संख्या उजवीकडून तीन-तीन अंकांच्या गटांत तोडायची, आणि गट आळीपाळीने अधिक-उणे करायचे. येणाऱ्या लहान संख्येला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला तर मूळ संख्येलाही जातो.

तेरा अंक: ३ | ६०८ | ५२८ | ८५० | ३६८. हिशेब ३६८ − ८५० + ५२८ − ६०८ + ३ = −५५९, आणि ५५९ = १३ × ४३.

चौदा अंक: ३६ | ०८५ | २८८ | ५०३ | ६८४. हिशेब ६८४ − ५०३ + २८८ − ८५ + ३६ = ४२०. सातानं जातो, आणि शेवटचा अंक सम, म्हणून चौदानंही.

पंधरा आणि सोळा चटकन झाले (सोळासाठी शेवटचे चार अंक ८४००, म्हणजे १६ × ५२५). अठराला बेरीज ८१. वीस पाहूनच कळतो. एकवीससाठी पुन्हा गट पाडले, १७२२ आले, आणि ते ७ × २४६.

बावीसला एका मुलीनं जी युक्ती काढली ती मी वहीत तिच्याकडून लिहून घेतली. पहिल्या अकरा अंकांना ११ ने भाग जातोच, तो भाग बाजूला ठेवा. मग पुढचे अकरा अंक, ६८४००७८६०३६, एवढेच तपासायचे. एक सोडून एक बेरजा: ६, ४, ०, ८, ०, ६ म्हणजे २४ आणि ८, ०, ७, ६, ३ म्हणजे २४. पुन्हा चोवीस-चोवीस.

राहिले १७, १९, २३. यांना सोपी कसोटी नाही.

१० डिसेंबर

सतरासाठी मुलांना व्हरांड्यात रांगेत उभं केलं. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्यावर लिहिलेला एक अंक. पहिल्यानं आपला अंक १७ ने भागून उरलेली बाकी पुढच्याला सांगायची. पुढच्यानं त्या बाकीला दहाने गुणून आपला अंक मिळवायचा, १७ ने भागायचं, आणि नवी बाकी पुढे द्यायची. किराणा दुकानदार मागच्या पानाची उधारी पुढच्या पानावर ओढतो, तसंच. पूर्ण संख्या कुणालाच सांभाळावी लागत नाही. हातात कायम सोळा किंवा त्याहून लहान एकच आकडा.

रांगेतून आलेल्या बाक्या अशा: ३, २, ३, ४, ११, १०, ६, ०, ५, १६, १०, ४, १४, ८, १२, १, ०.

सतरावी मुलगी शून्य म्हणाली आणि टाळ्या पडल्या. पण आठव्या जागीही शून्य आलं होतं, आणि ते कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. आलं. आठव्या जागेवरचा मुलगाच म्हणाला, “माह्यापाशीबी शून्य आलतं नं!” म्हणजे ३६०८५२८८ ला ८ ने तर भाग जातोच, १७ नेही जातो. भागून पाहिलं, २१२२६६४. तीन कोटी साठ लाखांच्या घरातली संख्या सतरानं जाते हे एका बारा वर्षांच्या मुलानं, भागाकार न मांडता, फक्त आपल्या जागेवर उभं राहून ओळखलं.

एकोणीसची रांग: शेवटी शून्य, आणि मध्ये तेराव्या जागी एकदा शून्य. तेवीसची रांग सगळ्यात अवघड गेली, बाक्या बावीसपर्यंत जातात आणि दहानं गुणल्यावर दोनशेच्या वर. मध्ये एकदाही शून्य नाही. बाविसाव्या जागी बाकी २०, तेविसावा अंक ७, म्हणजे २०७, आणि २०७ = २३ × ९.

चोवीस: शेवटचे तीन अंक ६७२ = ८ × ८४, बेरीज १०५. पंचवीस: शेवटी २५.

तपासणी पूर्ण. आईसोबत वेचणीला जाणारी मुलं या रांगेत सगळ्यांत चपळ निघाली. किलोमागे मिळणाऱ्या मजुरीचा हिशेब ती रोज तोंडी करतात, बाकी डोक्यात धरून ठेवायची त्यांना सवय आहे. शाळेत हे कौशल्य आपण कुठेच मोजत नाही याचं मला वाईट वाटतं.

१३ डिसेंबर

दुसऱ्या प्रश्नाकडे वळायच्या आधी एक धाकटी संख्या घेतली. १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून पायरीची संख्या बनवा. उत्तर एकच आहे, ३८१६५४७२९, पण ते मी सांगितलं नाही.

मुलांनी असा रस्ता काढला. पाचव्या जागी ५. सम जागी २, ४, ६, ८, आणि उरलेल्या जागी १, ३, ७, ९. तिसरा अंक विषम असल्यामुळे, चारानं भाग जायला चौथा अंक २ किंवा ६ हवा. तसंच आठव्या जागीही २ किंवा ६. मग दुसऱ्या आणि सहाव्या जागी ४ आणि ८. चौथा, पाचवा, सहावा मिळून बेरीज तीनच्या पटीत यायला हवी, म्हणून मधले तीन अंक २५८ किंवा ६५४. इथून आठाची कसोटी लावली की फक्त दहा उमेदवार उरतात. दहाच्या दहा सातानं तपासायचे. नऊ बाद होतात, ३८१६५४७ टिकतो.

या संख्येला पुढे न्यायचा प्रयत्न केला. दहावा ०, अकरावा ६, बारावा ०, तेरावा ८. चौदाव्याला अडलं. ७ ने भाग जायला अंक ५ च हवा, पण १४ ने जायचं तर सम हवा. ३८१६५४७२९०६०८ वर ती संपली.

१६ डिसेंबर

आज प्रत्येकानं स्वतःची संख्या वाढवायची होती. दोन गटांनी हट्टानं एकेकच धोरण धरलं. एका गटानं प्रत्येक पायरीवर चालेल तो सगळ्यात लहान अंक घेतला: १०२०००५६४०५ पर्यंत पोचले. दुसऱ्यानं सगळ्यात मोठा: ९८७६५४५६४०५. दोघंही अकरा अंकांवर थांबले, आणि गंमत अशी की दोघांचे शेवटचे पाच अंक तेच, ५६४०५. बाराव्या पायरीवर दोघांची अडचणही एकच. ४ ने भाग जायला ५ नंतर २ किंवा ६ लागतो, ३ ला यांपैकी एकही चालत नाही.

बाकीच्या मुलांची कुणाची बारावर अडली, कुणाची सोळावर. तासाच्या शेवटी आठवीतली एक मुलगी, जी एरवी बोलत नाही, म्हणाली: “मॅडम, नवाच्या पुढं आपल्या हाती काहीच नाई रायत.”

हेच ते. या प्रकल्पातलं माझ्या मते सगळ्यात सुंदर विधान तिनं केलं, आणि मी तिला ते फळ्यावर येऊन समजवायला लावलं. शेवटचा अंक ० ते ९ असे दहाच. म्हणजे प्रत्येक पायरीवर लागोपाठच्या दहा संख्या आपल्यासमोर असतात. भाजक १० पेक्षा लहान असेल तर त्या दहांत त्याचा निदान एक पट सापडतोच, कधी दोन-तीन. म्हणून नवापर्यंत कुणी अडत नाही आणि काही ठिकाणी निवड असते. दहाला बरोबर एक, शून्य. अकरापासून पुढे दहा संख्यांत फार तर एकच पट असू शकतो, आणि कधी तोही नसतो. म्हणून अकराव्या अंकापासून फाटा फुटत नाही. एक तर पुढचा अंक ठरलेला, नाही तर रस्ता बंद.

याचा अर्थ ३६०८५२८८५ हे नऊ अंक लिहिले त्या क्षणी उरलेले सोळा ठरून गेले. पंचवीस अंकांची ही संख्या खरं तर नऊ अंकांत मावते.

१८ डिसेंबर

मग सगळ्या पायरीच्या संख्या मोजता येतील का? येतात. लॅपटॉपवर पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. पायथन पूर्णांकांचे अंक गाळत नाही, कितीही लांब असले तरी. प्रोग्राम तेच करतो जे मुलं करत होती. असलेल्या प्रत्येक संख्येला ० ते ९ जोडून पाहायचं, भाग जाईल ते ठेवायचं.

एक अंकी ९, दोन अंकी ४५, तीन अंकी १५०, चार अंकी ३७५, पाच अंकी ७५०. वाढत वाढत नऊ अंकी २४९२, आणि दहा अंकीही बरोबर २४९२. हे दोन आकडे सारखे का, हे सांगायला आज वर्गात हातच हात वर होते. अकराला २२२५, आणि मग उतार. पंधराला ७७०, अठराला १८०, विसाला ४४, एकविसाला १८, बाविसाला १२, तेविसाला ६, चोविसाला ३, पंचविसाला १. एकूण २०४५६.

हा आकडा मोजायच्या आधी अंदाज बांधता येतो का, हे आठवीला विचारलं. n अंकी संख्या ९ × १०ⁿ⁻¹ असतात. त्यांपैकी निम्म्या दोनाच्या कसोटीला टिकतील, त्यातल्या तिसरा हिस्सा तीनाच्या, आणि असंच पुढे. म्हणजे १ पासून n पर्यंतच्या गुणाकाराने भागायचं. नऊ अंकी अंदाज २४८०, प्रत्यक्ष २४९२. पंधरा अंकी अंदाज ६८८, प्रत्यक्ष ७७०. वीस अंकी अंदाज ३७, प्रत्यक्ष ४४. पंचवीस अंकी अंदाज ०.५८, प्रत्यक्ष १. साध्या भागाकारानं इतक्या जवळ जाता येतं. संख्या पंचविशीच्या आसपास संपणार हे संख्या न पाहताच कळतं, फक्त नेमकी कुठे ते मोजल्याशिवाय कळत नाही.

२० डिसेंबर

चोवीस अंकी तीन संख्या फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या:

१४४४०८६४५०४८२२५६३६६०३८१६
३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२
४०२८५२१६८०७२९००८२८००९२१६

आता पंचवीस. हे उत्तर प्रोग्रामशिवाय पाहिजे होतं. सातवीतल्या मुलानं दिलं. २५ च्या पटीत शेवटचे दोन अंक ००, २५, ५० किंवा ७५ च असतात. म्हणजे चोविसावा अंक ०, २, ५ किंवा ७ हवा. पहिल्या आणि तिसऱ्या संख्येचा शेवट ६ वर आहे. त्या तिथेच बाद. मधलीचा शेवट २ वर, तिला ५ जोडता येतो. एवढाच फरक, आणि त्या एका अंकानं ती एकटी पुढे गेली.

सव्वीससाठी पुन्हा तीन-तीन अंकांचे गट. पंचवीस अंकांना १३ ने भागल्यावर बाकी ९. दहाने गुणलं की ९०, तेरानं भागून १२. म्हणजे सव्विसावा अंक १ असेल तरच तेरानं भाग जाईल. “मंग लावू नं एक!” असा मागून आवाज आला, आणि त्याला उत्तर पुढच्या बाकावरून लगेच मिळालं: “एक विषम हाय नं बाप्पा, सव्वीसनं कसा जाईन?”

१३ ला १ हवा, २ ला सम हवा. रस्ता बंद. आणि सव्वीस अंकी दुसरी कुठली संख्या असती, तर तिचे पहिले पंचवीस अंकही पायरीचेच असते. तशी संख्या एकच आहे, आणि ती अडली. म्हणून सव्वीस अंकी नाही, सत्तावीस अंकी नाही, शंभर अंकीही नाही. ३८१६५४७२९ चं चौदाव्या पायरीवर जे झालं तेच हिचं सव्विसाव्यावर झालं, हे दोन मुलींनी आपणहून जोडलं.

प्रकल्पाचा मूळ प्रश्न इथे सुटला.

२३ डिसेंबर

काल गणित दिन झाला. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर संख्या रंगवली आहे, प्रत्येक अंकाखाली त्याचा क्रमांक. गावातले लोक थांबून वाचत होते. शाळा व्यवस्थापन समितीच्या एका सदस्यांनी संख्येला २५ ने भागायला सांगितलं तर सहावीच्या मुलीनं चारनं गुणून शेवटची दोन शून्यं काढली आणि १४४३४११५४०१४७३६०३१४४१४६९ असं उत्तर भिंतीखालच्या ओट्यावर खडूनं लिहून दिलं.

१७ जानेवारी

आज दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्मदिवस (१९०५, डहाणू). नाशिकजवळच्या देवळालीला ते शाळेत शिकवत. ६१७४ चा त्यांचा शोध मुलांना आधीपासून आवडतो: सगळे सारखे नसलेले चार अंक घ्या, उतरत्या मांडणीतून चढती वजा करा, पुन्हा तेच करत राहा, जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येते. आज त्यांच्या हर्षद संख्या घेतल्या, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जाणाऱ्या. लगेच मुलांनी भिंतीवरच्या संख्येवर हे लावून पाहिलं. पहिले नऊ अंक, बेरीज ४५, आणि ३६०८५२८८५ ÷ ४५ = ८०१८९५३. हर्षद. पूर्ण पंचवीस अंकांची बेरीज ११०, पण शेवट ५ वर, म्हणून नाही.

कापरेकरांनी हे सगळं शाळामास्तरकी करत, कागद-पेन्सिल घेऊन केलं. हे मी मुलांना दरवर्षी सांगते. यंदा ते त्यांनी वेगळ्या कानांनी ऐकलं असं वाटलं.

२० जानेवारी

नवा प्रश्न मुलांचाच. दहाऐवजी तीनच अंक असते, ०, १, २, तर? मग प्रत्येक पायरीवर दहाने नव्हे, तीनने गुणायचं आणि ०, १ किंवा २ मिळवायचे.

हे पूर्ण काम फळ्यावर हातानं झालं. आपल्या नेहमीच्या आकड्यांत लिहायचं तर: सुरुवात १ आणि २. दोनानं भाग जाणाऱ्या ४, ६, ८. तीनाच्या पायरीला शून्यच जोडावं लागतं: १२, १८, २४. चाराला ३६, ५६, ७२. पाचाला ३६ पासून ११०, ५६ पासून १७०, आणि ७२ पासून २१६, २१७, २१८ पैकी एकही नाही, ती शाखा संपली. सहाला ३३० आणि ५१०. साताला ९९० ते ९९२ मध्ये सातचा पट नाही, १५३० ते १५३२ मध्येही नाही. खेळ खलास.

एकूण पंधरा संख्या, सगळ्यात लांब सहा अंकी, आणि त्या दोन: तीनच्या पद्धतीत ११००२० आणि २००२२०. दहाच्या पद्धतीत दहाव्या पायरीला जे घडतं ते इथे तिसऱ्याच पायरीला घडलं, तिथून फाटे फुटणं बंद. वीस हजार संख्यांचा जो पुरावा लॅपटॉपनं दिला होता तो इथे एका फळ्यावर मावला, आणि प्रत्येक ओळ मुलांनी तपासली आहे.

मधल्या सुट्टीत सातवीच्या मुलींनी चारची पद्धत सुरू केली. पहिल्या पायरीला ३ संख्या, दुसरीला ६, तिसरीला ८, चौथीलाही ८: ७२, ९६, १०८, १३२, १६८, १९२, २०४, २२८. पाचवी पायरी उद्या.